फळी वाकली ती माझी चूक. दारं लावली नाहीत ती मुद्दाम

नमस्कार ताई,

आमच्या कामाच्या रिव्ह्यूत तुम्ही दिलेले दोन तारे पोहोचले. तुम्ही काय लिहिलंय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला वर-खाली करावं लागणार नाही. न्यू जर्सीत एडिसनमधल्या तुमच्या बेसमेंटमध्ये बिअर करायचं सामान नीट लावून द्या म्हणून आम्हाला बोलावलंत. मागितलं होतं बंद दारांचं कपाट, मिळाली उघडी मांडणी. नळ्या भिंतीवर लोंबतात. काचेचे कारबॉय (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटल्या) खाली ठेवल्यामुळे दर वेळी वाकावं लागतं. माल्टसाठी (बिअरचं मोड आणून वाळवलेलं धान्य) ६८ डॉलरचे डबे गळ्यात मारले. तीन महिन्यांत मधली फळी वाकली, फोन केला तर नऊ दिवस कुणी उचलला नाही, आणि शेवटी बघायला आलो त्याचे वर ४० डॉलर लावले. "बेसमेंट आवरायला दिलं होतं, भांड्यांचं दुकान करून ठेवलं," हे तुमचं वाक्य आमच्या घरी दोनदा वाचून झालं. दुसऱ्यांदा बायकोने वाचलं, मोठ्याने.

फळीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मला बोलायला तोंड नाही. मापं घ्यायला आलो तेव्हा तुमचे तिन्ही केग, म्हणजे बिअर साठवायच्या स्टीलच्या टाक्या, रिकामे होते. एक उचलून बघितला, चार-साडेचार किलोचा वाटला, आणि त्या हिशेबाने तीन फुटांच्या गाळ्यात पाऊण इंची पार्टिकल बोर्ड टाकून मोकळा झालो. पाच गॅलन बिअर भरली की तोच केग तेवीस किलोंच्या पुढे जातो. असे तीन म्हणजे सत्तर किलो, एखादा धडधाकट माणूस त्या फळीवर दिवसरात्र बसवून ठेवल्यासारखं. पार्टिकल बोर्ड काडकन मोडत नाही, रोज थोडाथोडा खचत जातो, म्हणून तुमच्या लक्षात यायला तीन महिने लागले. केग भरलेले ठेवणार की रिकामे, हे विचारणं माझं काम होतं. माझे वडील सांगलीला सुतारकाम करायचे. त्यांनी ही फळी पाहिली असती तर हातातला रंधा माझ्या दिशेने आला असता.

ती फळी बदलून देतो. या वेळी प्लायवूड, पुढच्या कडेला दीड इंची ओकची पट्टी, आणि मधोमध उभा आधार, म्हणजे कुठलाच गाळा दीड फुटापेक्षा मोठा राहणार नाही. याचे पैसे नाहीत. ४० डॉलर आज परत केले आहेत. आमचीच चूक बघायला येण्याचे पैसे लावायलाच नको होते. नऊ दिवस फोन का उचलला गेला नाही याचं कारण माझ्याकडे आहे, पण ते तुमच्या काही उपयोगाचं नाही.

आता दारं. ती का हवीत हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून इथे बोलतो. दिवाळीला साताऱ्याहून सासू-सासरे येणार, आणि जिना उतरल्याबरोबर समोर केग दिसायला नकोत. कळतं. तिकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं म्हणजे गुन्हा, त्यामुळे सासरेबुवा दचकले तर नवल नाही. त्यांना सांगा की इथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरत्या बिअरवरचा कर उठवला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन चालतात, फक्त विकायची नाही. २०० गॅलन म्हणजे तुमच्या पाच गॅलनचे चाळीस घाणे. तुम्ही महिन्याला एक करता.

आणि माझा मुद्दा त्या महिन्याला एकमध्येच आहे. तुमची केटल (बिअर उकळायचं पातेलं), ती गार करायचा तांब्याचा चिलर, नळ्या, बाटल्या भरायची बादली, हे सगळं महिन्यातून दोन दिवस कामाला लागतं आणि अठ्ठावीस दिवस पडून असतं. खराब होतं ते त्या अठ्ठावीस दिवसांत. पहिल्या भेटीत तुम्ही खणातून झिपच्या पिशवीतली नळी काढून दाखवलीत, आठवतं? व्यवस्थित वेटोळं, वर रबर बँड, दिसायला एकदम नीटनेटकं. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. आत मधल्या वळणात चमचाभर पाणी तसंच राहिलेलं आणि त्याच्या कडेने चहापत्तीसारखे काळे ठिपके. तुम्हीच "ई!" म्हणून ती कचऱ्यात टाकलीत. भिंतीवर आज जी नळी लोंबते ती मोठ्या गोल खुंटीवरून, दोन्ही तोंडं खाली करून, एवढ्यासाठीच की पाण्याला थांबायला जागा राहू नये. दिसायला ती चांगली दिसते असा माझा दावा नाही.

त्या दिवशी तुमच्या बेसमेंटमध्ये माझ्या मीटरवर आर्द्रता ७२ टक्के होती. जुलैतलं न्यू जर्सी म्हणजे आपलं कोकणच, फक्त फणस नाहीत. अशा हवेत धुतलेली बादली झाकण लावून बंद कपाटात ठेवली की आठवड्यात वास धरते. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी उघडी असायची आणि भांडी पालथी, ती काही दाराला पैसे नव्हते म्हणून नव्हे. बादल्या एकात एक का घातल्या नाहीत, जागा वाचली असती, असंही तुम्ही विचारलंय. घातल्या की घट्ट बसतात, ओढताना आतून चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत जंतू बसले की तुमचं सॅनिटायझर तिथवर नीट पोहोचत नाही.

केगमधल्या बिअरला लागणाऱ्या गॅस सिलिंडरबाबत मात्र मी ऐकणार नाही, तो बंद कपाटात नको. पाच पौंडी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर गळून पूर्ण रिकामा झाला तर साधारण १,२०० लिटर वायू बाहेर पडतो. तुम्ही मागितलेलं कपाट तीन फूट रुंद, दोन फूट खोल, सहा फूट उंच, म्हणजे आत हजार लिटरच्या आसपास जागा. दार उघडून आत डोकं घालणाऱ्याला काय मिळेल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यातून हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचणारा, आणि आपण बोलतोय बेसमेंटबद्दल. म्हणून तो उघड्यावर, उभा, साखळीने भिंतीला बांधलेला. ब्लीचची बाटली तुमच्या ॲसिडच्या सॅनिटायझरजवळून उचलून धुण्याच्या मशीनपाशी ठेवली तीही अशीच, न विचारता. ती दोन एकत्र सांडली तर क्लोरीन होतो.

डब्यांबद्दल. ६८ डॉलर घेतले, त्यात माझा नफा होता, खोटं कशाला बोलू. पण दळलेल्या माल्टची पिशवी तुम्ही वरच्या पॅन्ट्रीत क्लिप लावून ठेवली होती आणि तिच्या शेजारी हिंगाची डबी आणि घरून आलेला गोडा मसाला होता. मी पिशवीत नाक घातलं तर थेट आमटीचा वास. तुम्ही हसून म्हणालात की मागची पेल एल बिअर नवऱ्याला "कटासारखी" लागली होती. हिंग साध्या पिशवीला जुमानत नाही. त्याला रबरी कडेचं झाकणच लागतं. (हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, तुम्ही फ्रीझरमध्ये ठेवता ते अगदी बरोबर. पण तिथेही नारळाच्या चवाजवळ नको.)

कारबॉयच्या बाबतीत तुमची कंबर आणि माझी भीती दोन्ही खऱ्या आहेत. भरलेला काचेचा कारबॉय पंचवीस किलोंच्या घरात जातो, ओल्या हाताला निसटतो, आणि फुटला की सुरीसारखे तुकडे होतात. छातीच्या उंचीवर तो मी कुणाच्याच घरी ठेवत नाही. पण अगदी जमिनीलगत ठेवून तुम्हाला दोन्ही हातांनी उपसायला लावणं, हेही काही शहाणपण नव्हतं. त्याच्याखाली चाकांचा ठोकळा करून देतो, म्हणजे उचलायचा नाही, फक्त ओढायचा. माझं ऐकाल तर काच काढून टाका आणि प्लास्टिकचे घ्या. ते मी विकत नाही, तेव्हा यात माझा स्वार्थ नाही.

राहिली एक गोष्ट. दारं लावणार नाही हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, जिन्यात उभं राहून, तुमचा फोन चालू असताना. एस्टिमेटवर फक्त "स्टोरेज युनिट" लिहिलं. तुम्ही कपाट समजलात यात तुमचं काही चुकलं नाही. यापुढे कागदावर चित्र काढून सही घेतल्याशिवाय करवत चालवणार नाही.

सासूबाईंसाठी माझ्या डोक्यात एक तोड आहे. आपल्याकडे दूध-दुभत्याला जाळीचं कपाट असायचं, आठवत असेल. मांजराला दार, हवेला मोकळीक. तसंच करू. केग आणि केटल्यांच्या गाळ्याला जाळीची दारं, आतून गडद कापडी पडदा, खाली-वर चार बोटं फट. जिन्यावरून बघणाऱ्याला लोणच्याच्या बरण्या आहेत की काय असंच वाटेल. नळ्यांची भिंत जिन्याच्या मागच्या बाजूला वळवू. सिलिंडर जिथे आहे तिथेच. जाळी आणि बिजागऱ्यांचे पैसे तुमचे, मजुरी माझी.

शनिवारी सकाळी दहाला येतो, जमत नसेल तर फोन करा. आता तो मीच उचलतो. तोवर मधल्या फळीवरचे तिन्ही केग खाली जमिनीवर काढून ठेवा, आजच. आणि पाहुण्यांसाठी जागा करताना सिलिंडरची साखळी कुणी सोडली असेल तर ती आधी लावा.