टीटीच्या रस्त्यावर कोणीही उठून उतरत नाही

मे महिन्याच्या अखेरीस ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टुरिस्ट ट्रॉफी या मोटारसायकल शर्यती, म्हणजे टीटी, जवळ आल्या की एक चित्रफीत मोबाइलवरून फिरू लागते. मोटारसायकलवर बसवलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी अंगावर धावून येणाऱ्या दगडी भिंती आणि त्याखाली मजकूर असतो, तो थोडक्यात असा: पैसे भरले की या शर्यतीत कोणालाही उतरता येते, साठ किलोमीटरचा रस्ता पाठ होणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून हा सगळा जिगर आणि नशिबाचा खेळ आहे, आणि मरतात ते नवखे, मुरलेले तरून जातात. या मार्गावर 1911 पासून सराव आणि शर्यती मिळून 260 हून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत, हे सत्य आहे आणि ते सौम्य करून सांगण्याचा माझा हेतू नाही. परंतु या मृत्यूंविषयी बोलायचे तर निदान तो रस्ता कसा शिकला जातो, हे तरी नीट समजून घेतले पाहिजे. मजकुरातली चारही विधाने या बाबतीत चुकीची आहेत, आणि शेवटचे सर्वांत अधिक.

पहिल्या विधानाचा निकाल लवकर लागतो. स्पर्धकाला या मार्गासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो मिळवण्यासाठी त्याआधी ठरावीक दर्जाच्या शर्यती पूर्ण केल्याची नोंद दाखवावी लागते. त्यानंतरही प्रवेश द्यायचा की नाही, हे आयोजक ठरवतात. अनेकांची सुरुवात तर टीटीत न होता, त्याच रस्त्यावर उन्हाळ्याच्या शेवटी होणाऱ्या मँक्स ग्रां प्री शर्यतींत होते. 1983 साली तेथील नवख्यांच्या शर्यतीत रॉबर्ट डनलॉप पहिला आणि स्टीव्ह हिस्लॉप दुसरा आला होता. या हिस्लॉपनेच पुढे 1989 मध्ये सरासरी 120 मैलांचा, म्हणजे ताशी सुमारे 193 किलोमीटरचा, टप्पा सर्वप्रथम ओलांडला. टीटीत पहिल्यांदाच आलेल्या स्पर्धकाला सरावात अंगावर नारिंगी जाकीट घालावे लागते आणि त्याची पहिली फेरी अनुभवी मार्गदर्शकाच्या मागोमाग, वेगावर नियंत्रण ठेवून होते.

रस्ता पाठ होऊ शकत नाही, हे दुसरे विधान अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण सामान्य वाचकाला ते पटण्यासारखे वाटते. एक फेरी 60.72 किलोमीटरची असून तिच्यात दोनशेहून अधिक वळणे आहेत. डग्लस शहरातून निघालेला रस्ता गावांमधून, झाडांच्या बोगद्यांमधून आणि स्नेफेल डोंगराच्या कुशीतून चारशे मीटरहून अधिक उंची गाठून पुन्हा शहरात उतरतो. एवढे सगळे एकदम डोक्यात ठेवायला गेले तर कोणालाही जमणार नाही, आणि तसे कोणी करतही नाही. रस्ता तुकड्यांनी शिकतात. क्वार्टरब्रिजपासून बॅलाक्रेनपर्यंत एक तुकडा, ग्लेन हेलनच्या झाडीतला दुसरा, कर्क मायकल ते बॅला पूल तिसरा, रॅम्झी सोडल्यावर डोंगर चढणारा चौथा, अशी विभागणी करून प्रत्येक तुकड्यात खुणा ठरवल्या जातात. घराची एखादी कडा, फाटक, झाड, रंगवलेला कठडा यांपैकी कोणती खूण दिसली की ब्रेक लावायचा आणि कोणती दिसली की गाडी कलती करायची, हे ठरलेले असते. ताशी 250 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 69 मीटर कापते, म्हणजे अर्धा सेकंद उशिरा आठवण झाली तर गाडी जवळजवळ 35 मीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे वळण डोळ्यांना दिसण्याआधी त्याच्या पलीकडे काय आहे हे ठाऊक असावे लागते, आणि खरा अभ्यास या ‘पलीकडच्या’ भागाचाच असतो.

नवख्याला सर्वांत जास्त चकवतात ती एकमेकांसारखी दिसणारी वळणे. डोंगरावरचे व्हरांडा हे चार उजव्या वळणांची एकच सलग कमान समजून घ्यावे लागते. चौघांचा वेगवेगळा विचार करणाऱ्याची गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वळणावर बाहेर फेकली जाते. बत्तिसाव्या मैलाजवळची तीन डावी वळणेही तशीच एका दमात घ्यावी लागतात. बॅरेगॅरोचा प्रकार निराळा आहे. तेथे रस्ता उतारावरून वेगाने खाली येतो, तळाशी डावीकडे वळतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी गाडीचे सस्पेन्शन पूर्ण दबून इंजिनाचा खालचा भाग रस्त्याला टेकू पाहतो, तर डाव्या अंगाला घराची भिंत हाताच्या अंतरावर असते. तेथे नवख्याने वेग थोडा कमी ठेवला तर फारसे काही गमावले जात नाही. भीतीने मध्येच ब्रेकला हात घातला, तर मात्र आधीच दबलेल्या पुढच्या चाकावर आणखी भार येतो आणि गाडी ठरवलेली रेषा सोडते. तेव्हा येथे सावधपणाही शिकावाच लागतो. नुसते घाबरून सावरता येत नाही.

हा अभ्यास महिनोन्महिने चालतो. स्पर्धक हिवाळ्यात बेटावर येतात, मार्गदर्शकाबरोबर मोटारीतून फेऱ्या मारतात, रात्री चित्रफिती पाहतात, आणि हाच रस्ता लेझरने मोजून बनवलेला खेळही संगणकावर खेळतात. वळणांचा क्रम ध्यानात येण्यासाठी या सर्वांचा उपयोग होतो. पण येथे एक अडचण आहे, जी मजकूर लिहिणाऱ्याच्या लक्षात आली असती तर त्याचे म्हणणे थोडे तरी वजनदार झाले असते. वर्षभर हा रस्ता वाहतुकीचा असतो आणि बेटावर आपल्यासारखेच डावीकडून वाहन चालवतात. म्हणजे मोटारीतून शिकणाऱ्याला रस्त्याचा फक्त डावा अर्धा भाग शिकता येतो. शर्यतीची रेषा तर संपूर्ण रुंदी वापरते, आणि उजव्या वळणाचा आतला बिंदू नेमका समोरून येणाऱ्यांच्या बाजूला असतो. पडद्यावर रस्त्याचे चढउतार दिसतात, ते मनगटात आणि गुडघ्यांत जाणवत नाहीत. झाडाखाली ओलावा राहिलेला पट्टा, डांबराचे ठिगळ, मावळतीचे ऊन डोळ्यांवर येण्याची जागा या गोष्टी प्रत्यक्ष वेगात गेल्याशिवाय कळत नाहीत. तशी संधी सरावाच्या दिवसांत, रस्ता बंद केल्यावरच मिळते. डोंगरावर धुके उतरले आणि बचावकार्याचे हेलिकॉप्टर उडू शकत नसले, की तो सरावही बुडतो. रस्ता पाठ होतो. त्यासाठी मिळणारा वेळ मात्र अतिशय तुटपुंजा असतो, आणि आक्षेप घ्यायचाच तर या ठिकाणी घ्यावा.

तिसरे विधान जिगरीचे. ते खरे असते तर सर्वांत धाडसी माणूस पहिल्याच वर्षी जिंकला असता. पीटर हिकमन 2014 मध्ये प्रथम आला तेव्हा त्याने सरासरी 129.104 मैल, म्हणजे ताशी सुमारे 208 किलोमीटर, वेगाने फेरी पूर्ण केली. नवख्यासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता आणि 2022 मध्ये ग्लेन अर्विनने 129.849 मैलांची नोंद करून तो मोडला. तरीही हिकमनला पहिला विजय 2018 मध्ये मिळाला आणि 136.358 मैलांचा फेरीचा विक्रम 2023 मध्ये. पुढे 23 विजय मिळवणाऱ्या जॉन मॅकगिनेसलाही 1996 च्या पदार्पणानंतर पहिल्या विजयासाठी 1999 पर्यंत थांबावे लागले. नवख्याच्या सर्वोत्तम फेरीत आणि आजच्या विक्रमी फेरीत सुमारे 50 सेकंदांचे अंतर आहे, आणि ते कमी होते ते खुणा अधिक बारीक होत गेल्याने, थ्रॉटल आणखी थोडा लवकर उघडण्याची खात्री पटत गेल्याने. येथे स्पर्धक दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, लढत घड्याळाशी असते, त्यामुळे कोणाला घाबरवून मागे टाकण्याचा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही.

जिगरीची ही भाषा मला विशेष खटकते, कारण आपल्याकडे ताम्हिणी किंवा वरंधा घाटात रविवारी सकाळी मोटारसायकली पळवणारी मुले हीच चित्रफीत एकमेकांना पाठवतात. आइल ऑफ मॅनवर कायद्याने रस्ता बंद केलेला असतो आणि 500 हून अधिक स्वयंसेवक मार्शल झेंडे घेऊन मार्गावर उभे असतात. घाटाच्या वळणापलीकडे एसटी येत आहे की दगड पडला आहे, हे सांगायला कोणी उभे नसते. चित्रफितीत फक्त वेग दिसतो. त्यामागचा अभ्यास आणि बंद रस्ता, दोन्ही तिच्यातून गळलेले असतात.

उरले ते नवखेच मरतात हे विधान. 1972 मध्ये इटलीचा गिल्बेर्तो पार्लोत्ती प्रथमच टीटीत आला आणि 125 सीसी शर्यतीत आघाडीवर असताना पावसात व्हरांडा येथे पडून मरण पावला, हे या विधानाच्या बाजूने सांगता येईल. पण तेव्हा टीटी ही जागतिक अजिंक्यपदाचा भाग होती आणि गुणांसाठी स्पर्धकांना तेथे यावे लागे. त्या मृत्यूमुळे तेव्हाचा जगज्जेता जाकोमो अगोस्तिनी त्या वर्षानंतर तेथे पुन्हा शर्यतीत उतरला नाही आणि 1976 नंतर टीटीचा तो दर्जाही गेला. आज तेथे येण्याची सक्ती कोणावरही नाही.

दुसऱ्या बाजूला बेटावरच वाढलेला, 2002 मध्ये लाइटवेट 400 या गटाची शर्यत जिंकलेला रिचर्ड क्वेल आहे. रस्ता त्याच्याइतका ठाऊक असलेले फार थोडे असतील. 2003 मध्ये बॅलास्पर येथे त्याचा खांदा कडेला घासला आणि गाडी समोरच्या भिंतीवर आदळली. तो गंभीर जखमी झाला, वाचला, आणि पुढे अनेक वर्षे नवख्यांना हा रस्ता शिकवत राहिला. स्पर्धक डॅन नीनही याच बेटाचा. तो 2018 च्या सरावात मरण पावला. 2022 मध्ये ज्या सहा जणांचा बळी गेला त्यांत काही नवखे होते, तसाच 2002 पासून टीटीत धावणारा 52 वर्षांचा डेव्ही मॉर्गनही होता. शिकल्याने स्पर्धक अधिक वेगाने जाऊ शकतो आणि अनोळखी वळणावरची चूक टळते, परंतु भिंत जागची हलत नाही, आणि वेग वाढला की उरलेल्या एका चुकीची किंमतही वाढते. ही शर्यत बंद व्हावी असे ज्यांना वाटते, त्यांनी नवख्यांच्या अज्ञानाचा आधार घेऊ नये. त्यांचा खरा मुद्दा नीन आणि मॉर्गन यांच्या मृत्यूंत आहे, ज्यांना हा रस्ता पूर्ण ठाऊक होता, आणि त्या मुद्द्याला टीटीच्या समर्थकांनी उत्तर दिले पाहिजे.