फोनच्या खोक्यावर बँड छापा, आणि आम्हाला वाचता येईल असे छापा

"फोन ४जी आहे, सिमपण ४जी आहे, मग लागत का नाही?"

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही मोबाईलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर येतोच. उत्तरही ठरलेलं: "तुमच्या गावात टॉवरच वीक आहे, मामा." मामा मान हलवतात आणि निघून जातात. मला या उत्तराचा राग येतो. कितीतरी वेळा टॉवर धडधाकट असतो, फोनही धडधाकट असतो. दोघांचं जुळत नसतं, एवढंच. आणि ते जुळणार नाही, हे फोन विकतानाच सांगता आलं असतं.

४जी हे पिढीचं नाव झालं. ती पिढी आपल्या देशात ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० मेगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या लहरींवर चालते. यातल्या प्रत्येकीला बँड क्रमांक आहे. फोन बनवणाऱ्यानं ज्या बँडची सोय ठेवली, तेवढेच बँड तो फोन पकडतो. आमच्या जुन्या रेडिओवर सांगली आणि धारवाड खणखणीत लागायचं, पण त्यात एफएमच नव्हतं, मग एफएम केंद्र कुठून लागणार? तसंच आहे हे.

कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडीतून आणि जाड भिंतींतून आत शिरतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण लांब टिकत नाहीत. आता खानापूर तालुक्यातलं जांबोटी-कणकुंबीकडचं रान आठवा. तिथं ७०० आणि ८५० ला किती किंमत आहे, हे बेळगावच्या खडेबाजारात उभं राहून कळायचं नाही. बीएसएनएलनं २७ सप्टेंबर २०२५ ला देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू केलं, ते ७०० आणि २१०० वर. (देशात बनलेलं आहे याचा मला अभिमानच आहे.) ७०० म्हणजे बँड २८. जुन्या आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत बँड २८ नसतो. मग टॉवर घराच्या मागे का असेना, तो ७०० वर बोलत असेल तर त्या फोनला ऐकूच येत नाही.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. या लहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव सर्कलनिहाय (मोबाईल सेवेच्या विभागांप्रमाणे) होतो, देशात अशी २२ सर्कल आहेत. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये आणि इथून जवळच असलेलं शिनोळी, पुढं चंदगड, महाराष्ट्र सर्कलमध्ये. एकाच कंपनीकडे दोन्हीकडे तेच बँड तेवढेच असतील, असं नाही. त्यामुळं कोल्हापुरात शिकणाऱ्या पोराचा फोन तिथं पळतो आणि सुट्टीला घरी आला की रखडतो. पूर्वी तर पलीकडच्या टॉवरनं पकडलं की रोमिंगचे पैसे जायचे, म्हणून लोक नेटवर्क हातानं निवडून ठेवायचे. ते पैसे आता लागत नाहीत, पण लोकांच्या सोयरिकी, बाजार, दवाखाने दोन्हीकडे आहेत आणि फोन दोन्हीकडे चालावा लागतो.

सगळ्यात जास्त फसगत बोलण्याच्या कॉलमध्ये होते. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं ते फक्त ४जी घेऊन. बाकीच्या कंपन्यांचा ४जी फोन कॉल आला की गुपचूप २जी किंवा ३जीवर उतरायचा आणि कॉल झाला की परत वर चढायचा. जिओकडे खाली उतरायला काही नव्हतंच, कॉल ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टीनं जाणार. ज्या ४जी फोनांत व्होल्टी नव्हतं त्यांच्यात इंटरनेट चालायचं, पण कॉलसाठी कंपनीचं वेगळं ॲप घालावं लागायचं. कित्येक दोन सिमच्या जुन्या फोनांत तर दुसरी खाच फक्त २जीची असायची. हे कोणत्या दुकानात सांगितलं गेलं?

आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलानं स्वस्त पडतं म्हणून नवीन, फक्त ४जीवर चालणारं सिम पाठवलं. ते त्यांच्या बटणाच्या २जी फोनमध्ये घातलं आणि फोन मुका झाला. काकूंना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. मुलाचा आवाज ऐकायला त्या शेजारी जाऊन बसायच्या. शिकल्यासवरल्या माणसांनी बनवलेल्या व्यवस्थेनं एका बाईला स्वतःला अडाणी समजायला लावावं, हे मला सहन होत नाही.

५जीतही तेच. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, तेव्हा चांगल्या महागड्या आयफोनवाल्यांनाही डिसेंबरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट येईपर्यंत थांबावं लागलं. शिवाय जिओचं ५जी ४जीचा आधार न घेता स्वतःच्या यंत्रणेवर उभं, एअरटेलनं सुरुवात केली ती ४जीच्या आधारानं. एकावर चालणारा फोन दुसऱ्यावर चालेलच असं नव्हतं.

आता २जी बंद करा, अशी मागणी अधूनमधून होते. मुकेश अंबानींनी २०२० मध्येच 'टूजी-मुक्त भारत' हवा म्हटलं होतं. नवं यावं, माझी हरकत नाही. पण आधी माणसांच्या हातातले फोन बघा. आपल्या सिमचा टॉवर नसला तरी ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, मात्र ती लहर फोनला पकडता आली पाहिजे. आजूबाजूला फक्त ४जी उरलं, तर बटणाचा २जी फोन रात्री-अपरात्री साप चावलेल्या माणसाच्याही कामाचा नाही. बंद करायचं असेल तर आधी व्होल्टीवाले बटणाचे फोन परवडतील अशा दरात गावागावात पोचवा, मग तारीख जाहीर करा.

आणि खोक्यावर किंमत, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), आयातदाराचा पत्ता, एसएआर (शरीरात शिरणाऱ्या लहरींचं माप) एवढं सगळं छापता येतं, तर बँडची एक ओळ का नाही? कोणते बँड, व्होल्टी आहे की नाही, दोन्ही खाचांत ४जी आहे का. ठळक अक्षरात. आमच्या भागात मराठी आणि कन्नड दोन्हीत.

तोवर खरेदीला जाताना घरातल्या तरुण पोरापोरींना सोबत न्या. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की बँडची यादी निघते. रानातल्या गावासाठी बँड ५ (८५०), ८ (९००) आणि २८ (७००) बघा. दुकानदार म्हणाला "सगळं चालतं", तरी यादी त्याच्यासमोर उघडा आणि बँड दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.