पीडीएफ मागणाऱ्या मुलांच्या बाजूने

"लॉकडाऊनमध्ये मुलांनी ई-संसाधनं वापरलीच नाहीत, नुसती पीडीएफ मागत बसली." ग्रंथालयाच्या चर्चासत्रांत हे वाक्य अजून ऐकू येतं आणि दर वेळी मला राग येतो. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. २०२० मध्ये मुलं काय मागत होती, ते आमच्या फोनवर येत होतं.

तेव्हा विद्यापीठं ई-शोधसिंधू या सरकारी योजनेतून जर्नल्स, म्हणजे संशोधन लेखांची नियतकालिकं, ऑनलाइन घेत. बहुतेक प्रकाशकांना वाचकाची ओळख पटते ती कॅम्पसच्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. वाचनालयात बसलात तर लेख उघडतो. तोच लेख गावी मोबाइलवर उघडला की प्रकाशक डॉलरमध्ये किंमत सांगतो. मार्च २०२० मध्ये सगळे घरी गेले आणि हक्काची जर्नल्स बंद झाली. घरून लॉगिन करायला इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेची 'इन्फेड' नावाची सोय होती, पण ती आधी संस्थेने सुरू करून घ्यायला हवी. आमच्याकडे नोंदणीला विद्यापीठाचा ईमेल लागायचा आणि एम.ए.च्या कित्येक मुलांना तो कधी दिलेलाच नव्हता. उलट एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-संसाधन योजनेतल्या अनुदानित कॉलेजांत प्रत्येकाला स्वतःचा आयडी-पासवर्ड मिळतो. म्हणजे हे जमण्यासारखं होतं!

मराठी, इतिहास, समाजशास्त्राच्या मुलांचं दुखणं वेगळंच. त्यांना जर्नल नको होतं, कपाटातलं पुस्तक हवं होतं. "मॅडम, निदान अनुक्रमणिका तरी पाठवा," असा एका संशोधक मुलीचा मेसेज आला. पुस्तकाची छपाई केव्हाच बंद झालेली. ग्रंथालयात जायची परवानगी मिळाल्यावर सहकाऱ्याने पानांचे फोटो काढून पाठवले. प्रत्येक फोटोत कडेला त्याचा अंगठा आलेला. त्यावर तिच्या प्रबंधातलं प्रकरण पूर्ण झालं.

इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने २४ मार्चला स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या प्रतीक्षायाद्या उठवल्या, म्हणजे एकच पुस्तक एका वेळी अनेकांना वाचता येऊ लागलं. प्रकाशक कोर्टात गेले आणि १६ जूनला ती सोय बंद झाली. तिथे जुनी मराठी पुस्तकंही आहेत, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली. पण नावं रोमन लिपीत आणि स्पेलिंग कसंही. देवनागरीत शोधलं की बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. मग मुलांनी थेट लिंक मागितली, तर त्यात आळस कुठे आला?

आता १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी संस्थांसाठी एकत्र जर्नल्स घेणारी केंद्राची योजना आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, जवळपास १३,००० जर्नल्स. मनापासून आनंद आहे. पण त्यात मराठी पुस्तक नाही. म्हणून कुलगुरूंपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना माझं सांगणं आहे. प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक मुलाच्या हातात घरून चालणारं लॉगिन द्या. आणि ग्रंथालयातली कॉपीराइट संपलेली मराठी पुस्तकं स्कॅन करून, नावं देवनागरीत नीट नोंदवून खुली करा. यादी करायला आम्ही ग्रंथालयातली माणसं उद्यापासून बसायला तयार आहोत.