कॉइलओव्हर म्हणजे नुसती शायनिंग का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया मोठी पण होती आणि तिखट पण, दोन्ही आवडलं. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की चांगल्या चालणाऱ्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचं कंपनीचं सस्पेन्शन काढून अॅडजस्टेबल कॉइलओव्हर (म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा जुळवलेला सेट) टाकणं म्हणजे नुसती शायनिंग, कंपनीतले इंजिनियर काय वेडे होते का, तुमच्या मित्राने हेच केलं तर त्याची गाडी आता बारक्या खड्ड्यालाही बैलगाडीसारखी उडते, त्यापेक्षा लोअरिंग स्प्रिंग (कंपनीच्याच शॉकअपवर बसणाऱ्या, गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंग) टाकल्या असत्या तर काम झालं असतं, आणि शॉकअप कडक-मऊ करायचे ते नॉब फिरवत कोण बसणार.

इंजिनियर वेडे अजिबात नव्हते हो. पण त्यांना एकच स्प्रिंग आणि एकच शॉकअप देऊन एकट्याने गाडी पळवणाऱ्यालाही खूश ठेवायचं असतं आणि पाच जण बसवून डिकी ठासून भरणाऱ्यालाही, वर आवाज नको, तक्रार नको. त्यात ई९० (थ्री सिरीजची माझ्याकडची पिढी) बऱ्याच ठिकाणी रनफ्लॅट टायरवर (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) आली, म्हणजे टायरची भिंतच कडक. मी रनफ्लॅट कधीच काढलेत, गाडीत बहुतेक वेळा मी एकटा असतो आणि मला वळणात गाडीने लगेच उत्तर द्यायला हवंय. त्यांनी जो पेपर सोडवला तो बरोबरच सोडवला, माझा पेपर वेगळा आहे एवढंच.

आता मित्राची गाडी, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. न बघता सांगतो, त्याची गाडी कडक झालेली नसणार, ती बंपस्टॉपवर बसलेली असणार. शॉकअपचा दांडा आत जायला जेवढी जागा असते तीच तुम्ही गाडी खाली घेतल्यावर खाता, मग बारका खड्डा आला तरी स्प्रिंगचं काम संपतं आणि रबराचा किंवा फोमचा तो तुकडा थेट बॉडीला धक्का देतो. काही किटमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यात उंची बदलली तरी दांड्याची चाल तेवढीच राहते (फक्त टायर कुठे घासत नाही ना ते बघावं लागतं), पण नुसती स्प्रिंगखालची रिंग फिरवायची असेल तर जेवढी गाडी खाली तेवढी चाल कमी, यातून सुटका नाही. दुसरा संशय बुशचा, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या आर्मच्या सांध्यातल्या रबराचा. गाडी लिफ्टवर लटकत असतानाच आर्मचे बोल्ट आवळले असतील तर गाडी खाली टेकल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, मग राइड पण कडक होते आणि बुश पण लवकर फाटतात. ते बोल्ट चाकावर वजन आल्यावर, गाडी आपल्या उंचीवर बसल्यावर आवळायचे असतात. हे किती ठिकाणी पाळलं जात नाही म्हणून सांगू.

लोअरिंग स्प्रिंगचं म्हणाल तर थोडा हिशोब करू. एका चाकावर ३५० किलो वजन धरा आणि चाकाशी स्प्रिंगचा जोर ३ किलो प्रति मिमी, तर बॉडी सेकंदाला साधारण दीड वेळा वरखाली होते. तोच जोर ५ केला तर हा आकडा १.९ च्या आसपास जातो, आणि ती हालचाल पहिल्याइतक्याच हेलकाव्यांत शांत करायची तर शॉकअपला साधारण तीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. हा जोर कंपनीच्या शॉकअपमध्ये येणार कुठून? तो जुन्या स्प्रिंगच्या मापाचा. म्हणजे लोअरिंग स्प्रिंग टाकून तुम्ही स्प्रिंग कडक केली, चाल कमी केली आणि तिला आवरणारा होता तसाच ठेवला. कॉइलओव्हरमध्ये पैसे जातात ते स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांच्या मापाचे मिळतात याचे. उंची बदलता येते हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

तुम्ही असंही लिहिलंय की किटमध्ये मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक आहे, तर गाडीची शेपूट सुटणार. हा प्रश्न चांगला आहे, पण नुसत्या स्प्रिंगचा आकडा बघून काही कळत नाही. या गाडीत पुढे स्ट्रट आहे (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर), स्प्रिंग जवळपास चाकाइतकीच हलते. मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, आर्मवर आत बसवलेली, त्यामुळे चाक १० मिमी वर गेलं तर ती सहा-सात मिमीच दबते, आणि हे प्रमाण हिशोबात दोनदा गुणलं जातं. उदाहरण म्हणून पुढे ८ ची (किलो प्रति मिमी) स्प्रिंग आणि ०.९५ चं प्रमाण धरलं तर चाकाशी ७.२ मिळतात, मागे १२ ची आणि ०.६५ धरलं तर ५.१. कागदावर कडक दिसणारी मागची बाजू चाकाशी मऊच निघाली की नाही?

आणि जितकी खाली तितकी वळणात कमी झुकणार हा समज तर सोडूनच द्या. स्ट्रटच्या गाडीत खालचे आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे गेले की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, मग झुकवणारा जोर उलट वाढतो, टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःच इकडेतिकडे करायला लागतं. माझी गाडी फोटोत फार खाली दिसत नाही अशी तुमची टोमणेबाज ओळ होती, तर हो, मुद्दामच दिसत नाही.

नॉबच्या बाबतीत मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे, रोज कोणी फिरवत नाही, मी पण नाही. मुळात अॅडजस्टेबल म्हणजे काय अॅडजस्टेबल हेच लोक विचारत नाहीत. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरियंट १ ला फक्त उंची बदलते, २ ला रिबाउंड (दांडा बाहेर येतानाचा अडथळा) पण, ३ ला कॉम्प्रेशन (आत जातानाचा) वेगळं. बिल्स्टीन कंपनीच्या बी१४ ला नॉबच नाही आणि तरी ते रस्त्यासाठी चांगलं किट आहे. नॉब असलाच तर आधी पूर्ण बंद करून तिथून उलटे क्लिक मोजायचे, म्हणजे चारही चाकांचा हिशोब एका जागेवरून सुरू होतो. आणि शॉकअपच्या बाबतीत लो स्पीड, हाय स्पीड म्हणतात ते गाडीच्या वेगाबद्दल नसतं, दांडा किती वेगाने आतबाहेर होतो त्याबद्दल असतं. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, वळणात झुकणं हे लो स्पीड. शंभरच्या वेगात असो की वीसच्या, खड्ड्याची धार म्हणजे हाय स्पीड. बहुतेक नॉब मुख्यतः पहिल्यावरच काम करतात, म्हणून खड्ड्याचा त्रास नॉब फिरवून जाईल ही आशा ठेवू नका. उलट रिबाउंड फार घट्ट केलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत दांडा पूर्ण बाहेर यायच्या आत पुढचा दणका बसतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि परत बंपस्टॉपवर येते.

ज्याला उंची बदलल्यावर अलाइनमेंट करायचं नाही, ज्याला वर्षातून एकदा रिंग फिरते ते आटे घासून साफ करायचे नाहीत (चिखलाने रिंग अशी धरते की पाना सटकतो पण ती हलत नाही), त्याने कंपनीचंच सस्पेन्शन ठेवावं, इथे मी तुमच्याच बाजूने आहे.

तर आता मित्राला एक काम सांगा. पुढच्या शॉकअपचं रबरी कव्हर वर सरकवून चकाकत्या दांड्याला एक केबल टाय बांधायचा, घट्ट पण हाताने सरकेल इतपतच, आणि शॉकअपच्या अंगाला टेकेपर्यंत खाली आणायचा. नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून परत बघायचं तो किती वर ढकलला गेलाय. बंपस्टॉपपर्यंत गेला असेल तर गाडी वर घ्या, मग अलाइनमेंट, मग वाटलं तर नॉब. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंची मापं पण घ्या आणि इथे टाका (जमिनीपासून नको, टायरच्या हवेने फरक पडतो), मग बोलू.