‘डिस्क आहे ना, मग इन्स्टॉल कशाला?’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. ठाण्यात वर्तकनगरपासून घोडबंदरपर्यंत बहुतेक तो सगळीकडे फिरून आलाय, कारण मला तो तीन ठिकाणांहून मिळाला. त्यातला एक तर खारघरच्या मेव्हण्याकडून. मजकूर थोडक्यात असा:

“पालकांनो सावधान! प्लेस्टेशन-एक्सबॉक्सचे गेम मशीनच्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करू देऊ नका. जास्तीची मेमरी खपवायची ही कंपन्यांची युक्ती आहे. 1) डिस्क विकत घेतली असेल तर गेम थेट डिस्कवरून चालतो, इन्स्टॉल रद्द करा. 2) इन्स्टॉल केल्याने हार्ड डिस्क झिजते, दोन वर्षांत जाते. 3) डिस्कवरून चित्र जास्त स्वच्छ दिसतं. 4) इन्स्टॉल झालाच असेल तर डिस्क विकून टाका, गेम मशीनमध्ये राहतो. 5) डिस्क म्हणजे कायमची मालकी, इंटरनेटची कटकट नाही.” खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

पहिला मुद्दा म्हणतो गेम डिस्कवरून चालतो, चौथा म्हणतो डिस्क विका तरी चालतो. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर एकदा वाचला असता तरी पुरे होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी तो मनावर घेतला. मुलाने पीएस फोरमध्ये (म्हणजे प्लेस्टेशन 4 मध्ये) नवी डिस्क घातली की त्या इन्स्टॉल रद्द करायच्या आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या की तो पुन्हा सुरू करायचा. शनिवारी दुपारी मला बोलावणं आलं. “दादा, जरा येऊन सांगा, नक्की काय करायचं ते.”

तर पहिल्या मुद्द्यापासून. तो एके काळी खरा होता, म्हणून तर तो मरत नाही. पीएस टू आठवतोय? गोखले रोडच्या गल्लीतून आम्ही भाड्याने ‘सीडी’ आणायचो (असायची डीव्हीडी, म्हणायचो सीडीच), घातली की गेम सुरू. त्या मशीनची मुख्य मेमरी (खेळ चालू असताना लागणारा ऐवज जिथे भरून ठेवतात ती; गेम साठवायची जागा वेगळी) होती 32 एमबी आणि डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला साधारण 5 एमबी वाचायचा. म्हणजे मेमरी काठोकाठ भरायला सहा-सात सेकंद. तेवढ्यात पाण्याचा घोटही धड घेऊन होत नाही. 2006 साली पीएस थ्री आला. मेमरी दोन भागांत मिळून 512 एमबी, डीव्हीडीच्या जागी आलेल्या ब्ल्यू-रे डिस्कचा वेग सेकंदाला 9 एमबी. आता भरायला जवळपास मिनिट लागायला लागलं. तिथूनच काही गेम हार्ड डिस्कवर जागा मागायला लागले. 2008 चा ‘डेव्हिल मे क्राय 4’ सुरुवातीलाच सुमारे 5 जीबी उतरवून घ्यायचा आणि त्यात वीसेक मिनिटं जायची. त्याच वर्षीचा ‘मेटल गिअर सॉलिड 4’ तर प्रत्येक अंकाआधी नव्याने इन्स्टॉल करायचा आणि तोवर नायक पडद्यावर निवांत सिगारेट ओढत बसायचा.

मग 2013 साली पीएस फोर. मेमरी 8 जीबी, डिस्कचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला 27 एमबी. गेमच्या वाट्याला त्यातली 5 जीबी येते असं धरा, तर ती डिस्कवरून भरायला तीन मिनिटं लागतील. पीएस टूपासून मेमरी 256 पट झाली, डिस्कचा वेग मात्र पाचपट. तोही डिस्कच्या बाहेरच्या कडेला; आतल्या बाजूला याहून कमी. शिवाय डिस्कवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला लेझरला प्रत्यक्ष सरकावं लागतं, त्यात दर वेळी सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्त जातो. शहरभर गाडी पळवायच्या गेममध्ये दर वळणाला शेकडो तुकडे लागतात, ते असे कसे आणणार? म्हणून पीएस फोर आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही मशीनवर डिस्कचा प्रत्येक गेम आधी हार्ड डिस्कवर उतरतो. तिथे पर्यायच दिलेला नाही. पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या त्यापुढच्या मशीनवरही तेच.

मग फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ‘थेट चालतो’ असं का वाटलं? माझा अंदाज असा: पीएस फोरवर गेमचा सुरुवातीचा भाग उतरला की ‘खेळायला तयार’ असं दिसतं आणि उरलेला भाग मागे उतरत राहतो. पाच-दहा मिनिटांत गेम सुरू झालेला बघून माणूस म्हणणार, बघा, डिस्कवरूनच चालतोय!

ताईंना हे आकडे सांगून काही उपयोग नव्हता. त्यांच्या मुलाचा एक जुना, पूर्ण उतरलेला गेम लावला आणि म्हटलं, मशीनला कान लावा. सुरू होताना ड्राइव्ह एकदा गुरगुरला, डिस्क फिरली आणि दोनेक मिनिटांत गप्प. गाडी रस्त्यावर पळतेय, पावसाचे थेंब काचेवर ओघळताहेत आणि ड्राइव्हचा आवाज शून्य. ऐकू येतो तो फक्त पंखा. मग डिस्क बाहेर काढली. गेम तिथेच बंद, डिस्क घाला म्हणून सूचना. “म्हणजे डिस्क किल्ली झाली,” ताई म्हणाल्या. माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान वाचलं.

डिस्क की हार्ड डिस्क हा खरा वाद एकाच मशीनवर होता आणि तो आता म्हाताऱ्यांचा विषय आहे, म्हणजे माझ्या वयाच्यांचा. एक्सबॉक्स 360 वर 2005 पासून गेम डिस्कवरूनच चालायचे. नोव्हेंबर 2008 च्या अपडेटने हवं तर हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करायची सोय दिली; डिस्क मात्र ट्रेमध्ये लागायचीच. त्या वेगवान ड्राइव्हचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला फायदा सांगायला नको. पण ‘हॅलो 3’ इन्स्टॉल केला की उलट हळू लोड व्हायचा, आणि हे तो बनवणाऱ्या बंजीनेच सांगितलं होतं. तो गेम डिस्कवरून वाचतावाचता पुढचा नकाशा हार्ड डिस्कच्या राखीव कोपऱ्यात उतरवून ठेवायचा. दोन नळ, एक बादली. इन्स्टॉल केल्यावर दोन्ही कामं एकाच नळावर आली. तेव्हा फॉरवर्डवाल्यांना सोळा-सतरा वर्षांपूर्वी या एका गेमपुरता मी पाठिंबा दिला असता.

डिस्क फिरत असण्याचा धोकाही मी त्याच काळात शिकलो. माझ्या भाच्याने खेळ चालू असताना मशीन आडवं होतं ते उभं केलं. डिस्क बाहेर काढली तर खालच्या बाजूला कंपासने काढल्यासारखं वर्तुळ. टूथपेस्ट लावून झाली, केळ्याची सालही घासून झाली. काही झालं नाही.

दुसरा मुद्दा, झीज. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, त्यामुळे ती कधी ना कधी जाणार हे खरं. पण तिला मारतात ते धक्का, उष्णता आणि एकाएकी गेलेली लाइट. जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली आणि त्या क्षणी मशीनवर काही लिहिलं जात असेल तर ती काळजीची बाब आहे. पीएस फोर पुढच्या वेळी सुरू होताना आधी साठवण तपासायला बसतो ते उगीच नाही. कन्सोलला छोटा यूपीएस लावा, टीव्हीच्या कपाटात कोंडून ठेवू नका. गेम एकदा उतरवणं हे मात्र त्या हार्ड डिस्कचं रोजचंच काम आहे. उलट सतत डिस्क फिरवून खेळायचं म्हटलं तर झिजणार ड्राइव्हची मोटर आणि लेझर. दुरुस्तीवाल्याकडे ‘लेन्स गेली’ हे वाक्य किती वेळा ऐकलंय!

एसएसडीचा (म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेल्या, चिपवरच्या साठवणीचा) हिशेब तर आणखी सोपा. तिच्यावरून वाचल्याने झीज जवळजवळ नसतेच, लिहिल्याने होते. 1 टीबीच्या (म्हणजे 1000 जीबीच्या) चांगल्या एसएसडीला 600 टीबीपर्यंत लिहिण्याची हमी मिळते. 100 जीबीचा गेम म्हटला तर सहा हजार वेळा इन्स्टॉल. रोज एक केला तरी सोळा वर्षं. तोवर मुलाचं लग्न होईल.

याच भीतीची धाकटी बहीण म्हणजे ‘गेम काढला की खेळलेलं सगळं जातं’. प्लेस्टेशनवर सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, वेगळा राहतो. गेम उडवा, सहा महिन्यांनी पुन्हा घाला, होता तिथून पुढे सुरू. ताईंच्या घरी खरी अडचण एवढीच निघाली की 500 जीबी भरली होती, कारण चिरंजीव हे न कळल्याने एकही जुना गेम काढायला तयार नव्हते.

तिसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. डिस्कवर जे आकडे आहेत तेच हार्ड डिस्कवर उतरतात. गाण्याच्या कॅसेटची कॉपी काढल्यासारखा त्यात खरखराट येत नाही.

चौथा मुद्दा, डिस्क विकून टाका. हा सल्ला ऐकून कोणी खरंच विकली तर गेम पडद्यावर दिसेल, पण सुरू होणार नाही. किल्ली विकून घर आपलं म्हणण्यातला प्रकार. मी स्वतः डिस्क विकतो-घेतो, बहुतेक वेळा ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलाखाली. ऑफिस सुटलेली गर्दी, रिक्षावाल्यांच्या हाका आणि त्यात दोन अनोळखी माणसं मोबाइलच्या टॉर्चमध्ये डिस्क उलटीसुलटी करून बघताहेत. पोलिसाला संशय यावा असंच दृश्य. तो व्यवहार टिकून आहे तो याच नियमामुळे. डिस्क ज्याच्याकडे, गेम त्याचा.

मेमरी (इथे अर्थ साठवणीची जागा) खपवण्याचा आरोप मात्र मी पूर्ण फेटाळणार नाही. सुरुवातीच्या पीएस फाइव्हची साठवण कागदावर 825 जीबी, हातात यायची 667 च्या आसपास. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ सारखा गेम पीएस फोरवर दोन डिस्कमध्ये यायचा आणि शंभरएक जीबी खायचा. पीएस फोरला साधी यूएसबी हार्ड डिस्क लावून तिच्यावरून खेळता येतं. पीएस फाइव्हचे गेम तशा हार्ड डिस्कवर नुसते ठेवता येतात, खेळायला मात्र आतली किंवा आत बसवलेली वेगवान एसएसडीच लागते. ती स्वस्त नाही. पण त्यामागे कारण आहे: आतली एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते आणि नवे गेम तो वेग धरूनच बनवलेले असतात.

राहिला पाचवा मुद्दा. बी विंगमधल्या काकांनी ग्रुपवर मला याच मुद्द्यावर धरलं. “अहो, डिस्क म्हणजे वस्तू. हातात आहे. उद्या कंपनी बुडाली तरी चालेल.” काका, तुमचं मन योग्य जागी आहे. डिस्क उसनी देता येते, विकता येते, डाउनलोड केलेल्या गेमचं तसं नाही. ज्या गेमचा सगळा ऐवज डिस्कवर आहे तो वायफाय बंद ठेवूनही उतरतो आणि चालतो, फक्त नंतरच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

पण डिस्कवर काय आहे हे डिस्क बघून कळत नाही. 2022 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ च्या पीएस फाइव्ह डिस्कवर सगळं मिळून सुमारे 70 एमबी होते. ब्ल्यू-रेवर 70 एमबी म्हणजे पोत्यात एक लिंबू. बाकी सगळं इंटरनेटवरून. एक्सबॉक्स 360 ची जुनी डिस्क एक्सबॉक्स वनमध्ये घातली तर ती फक्त ओळखपत्र दाखवते, गेम पूर्ण डाउनलोडच होतो. 2023 च्या बारीक पीएस फाइव्हचा सुटा डिस्क ड्राइव्ह जोडायचा तर तो पहिल्यांदा इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. आणि थेट चालण्याची परंपरा ज्याने आजवर सांभाळली त्या निन्टेंडोनेही 2025 च्या स्विच 2 साठी अशी कार्डं आणली आहेत ज्यांत गेम नाहीच, फक्त किल्ली आहे.

म्हणून घेताना डबा उलटा करा. मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात, किती जीबी जागा लागेल आणि इंटरनेट लागेल का, ते छापलेलं असतं. मी काकांना त्याचा फोटो काढून पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला, फॉरवर्ड काही काढला नाही.

इन्स्टॉल टाळून मालकी वाचत नाही, आणि केल्याने जात नाही. जाते ती सर्व्हर बंद झाल्यावर. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम 2014 साली आला. एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहावा लागायचा. युबीसॉफ्टने 31 मार्च 2024 ला ते सर्व्हर बंद केले. त्यानंतर डिस्क असो, इन्स्टॉल केलेला असो, गेम चालत नाही.

परवा सॅटिसखाली एक मुलगा दुसरा गेम द्यायला आला होता, त्याच्या बॅगेत हीही डिस्क निघाली. “घ्या ना काका, दोनशेला देतो. एक स्क्रॅच नाही.” मी टॉर्च मारून बघितली. खरंच एक ओरखडा नव्हता.