पिवळ्या दिव्याची गाडी

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे नोकरी करूनही लाल दिव्याच्या गाडीत बसण्याचा योग मला कधी आला नाही, आणि १ मे २०१७ पासून सरकारने ते दिवेच उतरवल्यामुळे आता तो येण्याची आशाही उरली नाही. नियतीला माझी दया आली असावी. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या ऑटोमॅटिक गाडीने गेल्या दिवाळीत मला पिवळा दिवा मिळवून दिला, आणि तोही टपावर नव्हे, थेट डोळ्यांसमोर, स्टिअरिंगच्या मागे. दातेरी चाक, त्याच्या पोटात उद्गारचिन्ह, म्हणजे गिअरबॉक्सची तक्रार, आणि सोबतीला लग्नघरातल्या रुसलेल्या पोराने काढावा तसा न थांबणारा बारीक पीं-पीं आवाज.

ऑटोमॅटिक गाडी घ्यावी लागली ती डाव्या गुडघ्यामुळे. पुण्याच्या रहदारीत क्लच दाबून दाबून त्याने असहकार पुकारला होता. ऑटोमॅटिकमध्येही वर्णव्यवस्था असते, हे शोरूममध्ये गेल्यावर कळले. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ड्युअल क्लच अशी उच्चकुलीन मंडळी पाहून, त्यांच्या किमती ऐकून आणि दिलेले सरबत पिऊन झाल्यावर आम्ही सर्वांत स्वस्त अशा एएमटीवर स्थिरावलो. या प्रकारात गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट अगदी साध्या गाडीतल्याच असतात. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे संगणकाच्या हुकमावरून एक छोटा पंप आणि काही व्हॉल्व्ह करतात. आमच्या गाडीचे चालकाच्या बाजूचे दार उघडले की पुढून घुंईं असा आवाज येतो, तो याच पंपाचा. पहिले चार दिवस तो आवाज ऐकून मी बॉनेटखाली मांजर शोधत होतो. माझा डावा पाय तेव्हापासून बिनखात्याचा मंत्री झाला आहे; मान आहे, जागा आहे, काम नाही.

या गाडीची मी काही कमी सेवा केलेली नाही. खंडेनवमीला तिला स्वतः धुतली, बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी पूड गरम पाण्याने साफ केली, आणि दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालून, चाकांखाली लिंबे ठेवून तिची यथासांग पूजा केली. असे असूनही भाऊबीजेला साताऱ्याला जाताना, सगळ्या पुण्याने त्याच मुहूर्तावर साताऱ्याला जायचे ठरवलेले असताना, तिने मला खंबाटकी घाटात दगा दिला.

खंबाटकीत तेव्हा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा होता. जाणाऱ्यांच्या नशिबी मात्र वळणांचा चढ होता. त्या चढावर गाड्या मुंगीच्या गतीने सरकत होत्या आणि कुणाच्या ना कुणाच्या क्लचचा जळका वास हवेत भरून राहिला होता. अर्धा तास झाल्यावर पेट्रोल वाचवण्याच्या सद्हेतूने मी इंजिन बंद केले, पुढची रांग हलल्यावर पुन्हा चालू केले, आणि दिवा लागला. गिअरचा आकडा दिसतो त्या चौकटीत आकड्याऐवजी एक आडवी रेघ आली आणि गाडीने पुढे जाण्यास स्पष्ट नकार दिला.

“अहो, घड्याळात परत बारा वाजलेत,” सौ. म्हणाली.

“अगं, इथे गाडीचेच बारा वाजलेत, घड्याळाचं काय घेऊन बसलीस!” मी म्हणालो. या विनोदावर मी त्याही परिस्थितीत खूश झालो होतो, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

मागच्या ट्रकचा चालक खाली उतरला. त्याने हवेचा वास घेतला आणि वैद्याने नाडी न पाहता निदान करावे तसे सांगितले, “पाव्हणं, क्लच जळला तुमचा.” हे निदान मला पटले, कारण माझ्या मनात पाप होते. चढावर गाडी थांबवायची असली की ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच ती तोलून धरण्याची माझी जुनी सवय आहे. त्यात क्लचप्लेट अर्धवट घासत राहते आणि तापते, आणि एएमटी गाडीत तर हे मुळीच करू नये, असे पुस्तिकेत लिहिलेले आहे. तेवढ्यात शेजारच्या गाडीतून एक गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत आले. घाटात थांबलेल्या प्रत्येक गाडीला पाणी पाजावे, असा आपल्याकडे रिवाजच आहे. क्लचला पाणी लागत नाही, हे त्यांना पटवण्यात माझी पाच मिनिटे गेली. बॉनेट मात्र सर्वानुमते उघडले. मी बॅटरीवर हात टेकवून, आत वाकून, आपल्याला यातले सगळे कळते असा चेहरा करून इंजिनाकडे वीस मिनिटे पाहत राहिलो. मी अभियंता आहे, पण कालव्यांचा. त्यानंतर गाडी चालू केली तर दिवा गायब! “गार झाला,” ट्रकवाला म्हणाला, आणि सर्वांनी माना डोलावल्या.

साताऱ्याला ओवाळणी झाल्यावर मेव्हण्याने एक यंत्र बाहेर काढले. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे ते स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत खुपसले की गाडीच्या मनातले मोबाईलवर वाचता येते, असे त्याचे म्हणणे होते. “दाजी, आता लपवालपवी नाही,” तो म्हणाला. मोबाईलवर दोन संकेतांक उमटले. पहिला पी ०७००. त्याचा अर्थ शोधल्यावर कळले की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही तक्रार नोंदलेली आहे, एवढेच तो सांगतो. तक्रार कोणती, हे गिअरबॉक्सलाच विचारावे लागते, आणि ते विचारण्याची कुवत मेव्हण्याच्या स्वस्त यंत्रात नव्हती. माझे सारे आयुष्य ‘सोबतचे पत्र पाहावे’ असे लिहिलेल्या आणि सोबत कोणतेही पत्र न जोडलेल्या कागदांत गेलेले असल्यामुळे मला या संकेतांकाबद्दल एकदम आपुलकी वाटली. दुसरा होता पी ०५६२, म्हणजे विजेचा दाब कमी. आपल्याकडे ही काही बातमी नव्हे, असे म्हणून आम्ही दोघांनी तो एकमताने निकाली काढला. दुखणे गिअरचे असताना विजेचे कशाला काढायचे? मेव्हण्याने ‘पुसा’ या अर्थाचे बटण दाबले, दोन्ही संकेतांक नाहीसे झाले आणि आम्ही समाधानाने जेवायला बसलो. तक्रार पुसली म्हणजे तक्रारीचे कारणही गेले, हा समज फक्त सरकारी कार्यालयांतच असतो असे नाही.

परतताना शिरवळला चहासाठी थांबलो. चहा घेऊन गाडी चालू केली आणि दिवा पुन्हा हजर झाला. “घड्याळ परत बारावर गेलंय हो,” सौ. म्हणाली. तिने तोवर पुस्तिका उघडून घड्याळ कसे लावावे याचे पान काढले होते. मला त्या क्षणी घड्याळाविषयी काहीही ऐकायचे नव्हते, आणि तसे मी तिला सांगितलेही. माझे डोळे त्याच पुस्तिकेत इशारादर्शक दिव्यांचे प्रकरण शोधत होते. त्यात रंगांची शिस्त आहे. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून ताबडतोब थांबा; पिवळा म्हणजे जाता येईल, पण दुर्लक्ष करू नका. अखेरीस प्रत्येक दिव्यापुढे एकच उपाय छापलेला असतो, तो म्हणजे सेवा केंद्राशी संपर्क साधा. इंजिन बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा चालू केले, की कधी दिवा जाई, कधी नव्याने येई. एकदा तर सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावर धक्का बसताच तो लागला, म्हणून मी आठवडाभर गतिरोधकावरून गाडी तान्ह्या बाळासारखी नेत होतो.

सोसायटीतल्या मतांचा तपशील देत नाही. सेन्सर, गिअरऑईल, उंदराने कुरतडलेली वायर आणि ‘म्हणून मी ऑटोमॅटिक घेतली नाही’ या चार पक्षांत सभासद विभागले गेले, एवढे पुरे.

सेवा केंद्रातल्या सल्लागाराने माझी हकिकत शांतपणे ऐकली. घाट, जळका वास, वीस मिनिटांनी बरी झालेली गाडी, हे सगळे मी इतक्या परिणामकारक रीतीने सांगितले, की त्याने जॉब कार्डावर क्लच हाच शब्द आधी लिहिला. क्लच किट बदलावे लागले तर खर्च २५ हजारांच्या पुढे जाईल, आणि ॲक्च्युएटर, म्हणजे तो पंप-व्हॉल्व्हचा संचच, गेलेला निघाला तर आकडा दुप्पट होईल, असे त्याने सांगितले तेव्हा माझा बिनखात्याचा मंत्री नकळत क्लच शोधू लागला. आम्ही काचेपलीकडच्या बाकावर बसून राहिलो. दूरदर्शन संचावर आवाज बंद करून ठेवलेली मालिका चालू होती.

पंचविशीतल्या मेकॅनिकने गाडीला मोठे यंत्र लावले, पडद्यावर काही वाचले आणि गाडीखाली न जाता बॉनेट उघडले. त्याने मीटरच्या दोन काड्या बॅटरीला लावल्या, १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग सहकाऱ्याला स्टार्टर मारायला सांगून, एक काडी बॅटरीवर आणि एक इंजिनाच्या लोखंडावर ठेवून त्याने आकडा पाहिला, आणि भुवया उंचावल्या. त्याने उणे टोकावरचा टर्मिनल दोन बोटांत धरला. तो बरणीच्या झाकणासारखा गर्रकन फिरला.

“काका, इकडे या,” त्याने मला हाक मारली. सौ.ही आली. “हा ढिला आहे. स्टार्टर मारला किंवा धक्का बसला, की वीज क्षणभर कमी पडते, गिअरच्या कॉम्प्युटरला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं, आणि तो दिवा लावतो. घड्याळ नाही का तुमचं मधूनमधून बारावर जात?”

मी इंजिनाकडे पाहत राहिलो. तो माझा सराव आता चांगला झालेला आहे.

“हो, जातं,” सौ. म्हणाली.

त्याने खिशातून दहाचा पाना काढला, दीड फेरा आवळला आणि हात पुसत विचारले, “हे शेवटचं कुणी उघडलं होतं?”

“दसऱ्यासाठी गाडी धुतली होती,” मी म्हणालो. या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

“धुणाऱ्या पोरांना काही कळत नाही काका,” तो म्हणाला. “वरचं उघडतात, आवळायचं विसरतात.”

बिलावर तपासणीचे शुल्क आणि ‘बॅटरी टर्मिनल टाईट केला’ अशी एक ओळ होती. ते भरून आम्ही निघालो. सौ. सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत होती, एक शब्दही बोलली नाही. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने पर्समधून चष्मा काढला, पुस्तिकेतले ते खूण घातलेले पान उघडले आणि माझ्या पुढून हात घालून घड्याळ सव्वापाचला लावले.