फक्त ओएस तर बदलायचीय

सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ओएसला (ऑपरेटिंग सिस्टिमला) ३० जून २०२४ नंतर अपडेट मिळणार नाहीत, हे जगाला कित्येक वर्षं आधी ठाऊक होतं. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या ऑफिसला ते पाऊस लागल्यावर कळलं. साहेब म्हणाले, "फक्त ओएस तर बदलायचीय. चवथीआधी उरकून टाक." चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, लोक घराला रंग काढतात, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची जुळवाजुळव करतात. मी सगळे वेब सर्व्हर डेबियन १२ या दुसऱ्या ओएसवर हलवायला बसलो.

नावांपासूनच सुरुवात. साइट दाखवणारा प्रोग्रॅम तिथे एचटीटीपीडी, इथे अपाचे२; सॉफ्टवेअर बसवणारा तिथे यम, इथे एपीटी. फायली आरसिंक या कॉपी करायच्या टूलने आणल्या, तर मालकाच्या जागी नुसता आकडा : ४८. जुन्या सर्व्हरवर हा 'अपाचे' नावाचा युजर. नव्यावर सगळा कारभार 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'कडे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कधीच वारलेल्या पणजोबांचं नाव असावं आणि घरात राहणाऱ्याला कौलही बदलता येऊ नये, तशी गत. साइट दिसायची, पण फोटो काही चढत नव्हता.

एका हॉटेलाचं बुकिंग पीएचपी या भाषेच्या ५.४ आवृत्तीवर, इथे ८.२. डेटाबेसला जोडणारं 'मायएसक्यूएल_कनेक्ट' फंक्शन तर पीएचपी ७ मध्येच काढून टाकलेलं. मालकांचा फोन : "साइट उगडना मरे!" मी कारण समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "मग जुनंच घाल."

देवस्थानची तऱ्हा और. नवा सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला पावती फाडली, की तिच्यावर आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा. पुजारी म्हणाले, "अहो, त्या वेळी देव झोपलेले असतात." यावर कोणत्या मॅन्युअलमध्ये उत्तर शोधणार?

मधेच लाईट जायची. टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारं टूल) होतं म्हणून चाललेलं काम तुटलं नाही, एवढंच.

पण खरी गंमत क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत. रोज पहाटे तीनला चालणारी एक स्क्रिप्ट, वर कॉमेंट : 'हात लावू नये.' आत एकच ओळ, एचटीटीपीडी रीस्टार्ट करायची. लिहिणारा पोर्तुगीज पासपोर्ट काढून केव्हाच इंग्लंडात स्विंडनला गेलेला. त्याला मेसेज टाकला. उत्तर आलं : "म्हाका याद ना." खाली हसरा चेहरा.

मी ती काढायला निघालो, तर साहेबांचा चेहरा पडला. "नको. काही तरी विचार करूनच घातली असेल." म्हणून तीही जशीच्या तशी डेबियनवर आली. तिथे एचटीटीपीडी नावाचं काही नाहीच. त्यामुळे रोज पहाटे तीनला एररची मेल येते. एकदा ती आली नाही, तर सकाळी साहेबांचा फोन : "बघ रे, सर्व्हर बंद पडला वाटतं." आणि खरंच पडला होता.